बिट अडकतं तेव्हा ड्रिलमध्ये काय घडतं

पुण्यात भिंतीला भोक पाडायचं तर आधी घर कोणत्या काळातलं आहे ते बघावं लागतं. पेठेतल्या जुन्या वाड्यात माती-विटांची भिंत लागते, थोड्या जुन्या सोसायटीत भाजलेली वीट. वाकड-बाणेरच्या नव्या टॉवरमध्ये एक तर हलका एएसी ब्लॉक (बारीक छिद्रांच्या काँक्रीटचा ठोकळा) असतो, नाहीतर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची भिंत. आणि इथल्या काँक्रीटमधली खडी म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. चार्जिंगवर चालणारं ड्रिल या खडीला भिडलं की अनेकदा बिट, म्हणजे भोक पाडणारी पुढची सळी, जागीच थांबतं, आणि हात आणखी जोराने दाबायला लागतो. ड्रिलचं आणि माणसाचंही सगळ्यात जास्त नुकसान याच क्षणी होतं.

मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच जनित्रासारखीही वागते आणि बॅटरीच्या उलट दिशेने व्होल्टेज तयार करते. वेग जितका जास्त, तितकं हे विरोधी व्होल्टेज जास्त आणि बॅटरीतून येणारा करंट कमी. म्हणून मोकळं फिरणारं ड्रिल फारशी वीज खात नाही. बिट अडकलं की वेग शून्यावर येतो आणि विरोधी व्होल्टेज नाहीसं होतं. आता करंटला अडवायला उरतो तो तारांचा आणि बॅटरीचा अगदी थोडा रोध. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट तिप्पट झाला तर उष्णता नऊपट. त्यात मोटरला गार ठेवणारा पंखा बहुतेक ड्रिलमध्ये तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर थांबली की तोही थांबतो. चांगल्या ड्रिलमधलं इलेक्ट्रॉनिक सर्किट अशा वेळी पुरवठा तोडतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. बिट थांबलं की त्याच क्षणी ट्रिगर सोडावा, दिशा उलटी करून बिट बाहेर काढावं आणि ड्रिल थोडा वेळ मोकळंच फिरवावं. त्या वाऱ्याने मोटर निवते.

मनगटाचा प्रश्नही इथलाच. बिट फिरू शकत नसेल तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ड्रिलची बॉडी उलट दिशेला फिरू पाहते. १८ व्होल्टच्या मध्यम ड्रिलवर ५० न्यूटन-मीटरच्या आसपासचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लिहिलेला दिसतो. म्हणजे मध्यापासून २५ सेंटिमीटरवर सुमारे २० किलो वजनाइतका जोर, तोही अचानक. बॉक्समध्ये येणारी बाजूची मूठ अनेक जण काढूनच ठेवतात. ती लावा आणि दोन्ही हातांनी धरा. शिडीवर उभं राहून एका हाताने भोक पाडणं तर मला बघवतही नाही.

ड्रिलच्या डोक्यावरच्या बटणावर असलेल्या १ आणि २ या आकड्यांचा अर्थही टॉर्कशीच जोडलेला आहे. मोटरची शक्ती तेवढीच. १ वर वेग कमी आणि टॉर्क जास्त, २ वर उलट. बिट पकडणाऱ्या जबड्याला चक म्हणतात. त्याच्या मागच्या आकड्यांच्या कड्यात क्लच असतो आणि तो स्क्रू आवळण्यासाठी आहे. ठरावीक टॉर्क झाला की तो कटकट आवाज करत सुटतो. स्क्रूसाठी लहान आकड्यापासून सुरुवात करून हळूहळू वर जा.

हातोडीचं चिन्ह असलेल्या ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटला बारीक बारीक ठोके देतात. विटेला तेवढे पुरतात. रोटरी हॅमर हे वेगळं यंत्र. त्यात दट्ट्या हवा दाबून घाव घालतो, आणि तो घाव कितीतरी मोठा असतो. काळ्या खडीच्या सलग काँक्रीटमध्ये पडद्याच्या रॉडसाठी आठ-दहा भोकं पाडायची असतील तर रोटरी हॅमर असलेल्या कारागिराला बोलवावं, हे माझं स्पष्ट मत आहे. बिटही बघून घ्या. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सगळे प्रकार मिळतात. भिंतीच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असतो. तो दगड कापत नाही, चुरडतो. लोखंडाला भोक पाडायचं बिट भिंतीत घातलं तर त्याची धार मिनिटभरात जाते.

या ड्रिलचा एक मोठा फायदा मात्र फार कमी लोक घेतात. त्याला वायर नाही, म्हणजे भोक पाडताना घराची मेन स्विच बंद ठेवता येते. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. भिंतीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात. ड्रिल बॅटरीवरचं असलं तरी बिट त्या वायरला लागलं की चकसकट धातूच्या सगळ्या भागांत तो दाब येतो. वायरिंग बहुधा स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली जातं, पाण्याचे पाइप नळाच्या रेषेत. त्या पट्ट्या टाळा, आणि तरीही मेन बंदच ठेवा.

डोळ्यांना चष्मा हवाच. विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचून राहते, म्हणून रोज हेच काम करणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क मिळालाच पाहिजे. रुमालाने ती धूळ अडत नाही. ओढणी, पदर, मोकळे केस, सैल हातमोजे फिरत्या चकपासून लांब ठेवा. आणि बिट बदलताना बॅटरी काढून ठेवा.

बॅटरीत लिथियम-आयन सेल असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. काही कंपन्या अशाच पाच सेलच्या पॅकवर पूर्ण चार्जचा आकडा म्हणून २० लिहितात. ताकद त्यामुळे वाढत नाही. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास, सुमारे १,३०,००० ज्यूल. ६० किलोच्या माणसाला पर्वती टेकडीच्या माथ्यावर दोनदा तरी नेऊन ठेवण्याइतकी ऊर्जा त्या मुठीएवढ्या डब्यात असते. म्हणून सुटी बॅटरी स्क्रू-खिळ्यांच्या पिशवीत टाकू नका. एखादा खिळा दोन टोकांना एकदम टेकला तर ती ऊर्जा त्या खिळ्यातूनच वाट काढते.

उष्णता या सेलना झिजवते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नका; आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. कामावरून गरम आलेली बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावा. महिनोन् महिने वापर नसेल तर ४० ते ६० टक्के चार्ज करून, ड्रिलमधून काढून, सावलीत ठेवा. पार रिकामी ठेवली तर सेलमधलं तांबं विरघळू लागतं आणि नंतर चार्ज करणंही धोक्याचं होतं. पावसाळ्यात चक पुसून तेलाचा हलका हात फिरवला की जबडे गंजत नाहीत. हवेच्या फटींतली धूळ कोरड्या ब्रशने काढा.

फुगलेली, चेपलेली किंवा पडून तडकलेली बॅटरी मात्र पुन्हा चार्ज करू नका आणि सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेते, आणि तिच्याजवळ उभी असते कचरा वेचणारी बाई. धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी वेगळी ठेवा. शहरात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा वेगळा घेते. देताना बॅटरी फुगली आहे हे आधी सांगा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे, त्यामुळे नवी बॅटरी घेताना जुनी कुठे द्यायची हे दुकानात विचारा.