कॅलिफोर्नियात शेरीफपदाला उभं राहायचंय? पोलिसाने आधी काय तपासावं

शेरीफ म्हटलं की मुंबईकराला नगरपाल आठवतो. वर्षभराचं मानाचं पद, सुनील गावस्करांनीही भूषवलेलं, त्यात हारतुरेच जास्त. कॅलिफोर्नियातला शेरीफ हे वेगळं प्रकरण आहे. काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, तुरुंग त्याच्या ताब्यात, कोर्टाचा बंदोबस्त त्याच्याकडे, भाडेकरूला घराबाहेर काढायचा हुकूम बजावणारे लोक त्याचे, आणि ज्या भागाला स्वतःचं शहर पोलीस खातं नाही तिथली गस्तही त्याचीच. राज्यात 58 काउंट्या आहेत आणि शेरीफ लोकांनी निवडून द्यायचा हे राज्यघटनेतच लिहिलेलं आहे.

शहर पोलिसांतली माणसं या खुर्चीवर डोळा ठेवून असतात. 2022 मध्ये लाँग बीचचे माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लूना लॉस एंजलिसचे शेरीफ झाले. सांता क्लारात पालो आल्टोचे पोलीसप्रमुख राहिलेले बॉब जॉन्सन निवडून आले. त्यांच्यासमोर होते केविन जेन्सन, म्हणजे मतपत्रिका वाचायला चष्मा हवाच.

आधी मतदारयादी, मग बाकी सगळं

अर्ज घ्यायला जाल त्या दिवशी तुमचं नाव त्याच काउंटीच्या मतदारयादीत असलं पाहिजे. नोकरी सांता क्लारात आणि घर अलामेडात असेल तर सांता क्लारात उभं राहता येत नाही. आपल्या लोकांचा इथे एक घोळ होतो. 2023 पासून कॅलिफोर्नियात पोलीस व्हायला नागरिकत्व लागत नाही, काम करायचा कायदेशीर परवाना पुरतो. त्यामुळे ग्रीन कार्डवरचा माणूसही वर्दी घालू शकतो. पण मतदार व्हायला नागरिकत्व लागतं, आणि उमेदवार व्हायला मतदार असावं लागतं. म्हणजे शेरीफच्या हाताखाली काम चालेल, शेरीफ होणं चालणार नाही.

अनुभव आणि शिक्षण

1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हेनेसी हे वकील शेरीफ म्हणून निवडून आले. पोलिसी नोकरीचा अनुभव नसताना ते 2012 पर्यंत त्या पदावर राहिले. आज तो रस्ता बंद आहे. 1989 पासून अट अशी की उमेदवाराकडे राज्याच्या पोलीस प्रशिक्षण आयोगाचं, ज्याला सगळे ‘पोस्ट’ म्हणतात त्याचं, ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट हवं. ते नसेल तर शिक्षण आणि पूर्णवेळ पगारी नोकरीचा मेळ बघतात. मास्टर्स असेल तर 1 वर्ष नोकरी, बॅचलर्सला 2, असोसिएट (दोन वर्षांच्या) डिग्रीला 3 आणि नुसत्या हायस्कूल डिप्लोमाला 4 वर्षं. शिवाय या नोकरीचा थोडा तरी भाग अर्जाआधीच्या 5 वर्षांतला हवा.

खरी मेख ‘नोकरी’ या शब्दात आहे. दंडसंहितेच्या 830.1 किंवा 830.2 या कलमांत बसणारीच नोकरी धरतात. शहर पोलीस, डेप्युटी शेरीफ, हायवे पेट्रोल, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पोलीस यांचं काम होतं. राज्याच्या तुरुंगातले अधिकारी मात्र 830.5 मध्ये येतात, आणि त्यांची वीस वर्षंही या हिशेबात शून्य. एफबीआय किंवा लष्करातली नोकरीही या दोन कलमांत नाही. तेव्हा आपल्या नेमणुकीच्या कागदावर कुठलं कलम आहे ते खात्याच्या एचआरकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो, हो, चालतं’ यावर जाऊ नका.

पुरावा अर्जासोबतच लागतो. सर्टिफिकेट, डिग्री, खात्याचं पत्र किंवा शपथेवरचं निवेदन, यातून प्रत्येक अट सिद्ध व्हायला हवी. नाहीतर तुम्हाला पात्र उमेदवार धरतच नाहीत.

अर्ज, फी, सह्या

फी पदाच्या वार्षिक पगाराच्या 1 टक्का. पगार 3 लाख डॉलर असेल तर 3,000 डॉलर. आपल्याकडच्या अनामत रकमेसारखी ही परत मिळत नाही, कितीही मतं पडोत. फीऐवजी मतदारांच्या सह्या देता येतात, पूर्ण फीच्या किंवा काही भागाच्या बदल्यात.

सूचकांच्या सह्या वेगळ्या. किमान 20, कमाल 40, सगळे त्याच काउंटीचे मतदार. विसावर थांबू नका. देशी किराणा दुकानाच्या दारात उभं राहून सह्या गोळा केल्या, आणि त्यात फ्रीमाँटला, म्हणजे अलामेडा काउंटीत, राहायला गेलेल्या एखाद्या काकांनी सवयीने सांता क्लारातल्या सनीवेलचा जुना पत्ता लिहिला की ती सही गेली. नाव आणि राहता पत्ता ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा, तुम्ही मदत म्हणून आधी भरून ठेवायचा नाही.

देणग्या मागण्याआधी 501 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. 2,000 डॉलर जमले की 10 दिवसांत 410 क्रमांकाचा. मालमत्ता आणि हितसंबंध जाहीर करायला 700 क्रमांकाचा. मतपत्रिकेवर नावाखाली व्यवसाय लिहायला जास्तीत जास्त तीन शब्द मिळतात. ‘डेप्युटी शेरीफ’ चालतं, ‘अनुभवी आणि प्रामाणिक’ चालत नाही. मतदार पुस्तिकेतलं निवेदन साधारण 200 शब्दांचं असतं आणि त्याचा खर्च बहुतेक ठिकाणी उमेदवाराच्याच खिशातून जातो.

नोकरी सोडावी लागते का?

नाही. भारतात सरकारी नोकराला आधी राजीनामा द्यावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न हटकून येतो. पण वर्दीत प्रचार करायचा नाही, सभेला जाताना शर्ट बदलायचा. ड्युटीच्या वेळात आणि ऑफिसात प्रचारावर खातं बंदी घालू शकतं. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्याच खात्यातल्या सहकाऱ्यांकडे देणगी मागता येत नाही. लॉकर रूममध्ये हसत टाकलेला ‘पन्नास डॉलर तरी दे रे’ हा शब्दही महागात पडू शकतो.

तारखा

2022 च्या नव्या कायद्याने बहुतेक काउंट्यांत ही निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात नेली, त्यामुळे 2022 च्या विजेत्यांना एकदाच 6 वर्षं मिळाली. काही चार्टर (स्वतःची सनद असलेल्या) काउंट्यांचं वेळापत्रक वेगळं आहे, लॉस एंजलिस त्यातलंच. बाकीच्यांसाठी पुढची प्रायमरी, म्हणजे मतदानाची पहिली फेरी, सध्याच्या कायद्याप्रमाणे 7 मार्च 2028. अर्ज 113 दिवस आधी मिळू लागतात आणि 88 व्या दिवशी संध्याकाळी 5 ला खिडकी बंद होते. म्हणजे 15 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर 2027, मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी. विद्यमान शेरीफने अर्ज भरला नाही तर इतरांना आणखी 5 दिवस मिळतात. म्हणून 10 डिसेंबरला पाचनंतरही काउंटीच्या निवडणूक कार्यालयाची यादी उघडून बघा.