पायरी चुकते तेव्हा

मागच्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यावरून मी पाच पायऱ्या गडगडत खाली आलो. वीज गेलेली होती, एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसरा हात कठड्याऐवजी बांधलेल्या दोरावर होता. पर्वतीच्या १०३ पायऱ्या नेमाने चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाने असे पडावे, याची मला थोडी लाजच वाटली.

पण पर्वतीची सवय इथे कामाची नव्हती. जिना उतरताना आपण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांकडे नीट पाहतो. पुढची प्रत्येक पायरी तेवढीच उंच असणार, असे मेंदू धरून चालतो आणि पाय त्या हिशेबाने पडत जातो. हिशेब चुकून एखादी पायरीच निसटली, तर साधारण १८ सेंटीमीटर खाली यायला शरीराला ०.२ सेकंदही लागत नाहीत. डोळ्यांनी पाहून, समजून, हात हलवायला मात्र निदान तेवढा वेळ जातोच. म्हणजे ‘आपण पडतो आहोत’ हे कळेपर्यंत पडणे बरेचसे उरकलेले असते.

ही बातमी आधी लागते ती कानाला. आंतरकर्णात संवेदी पेशींवरच्या मऊ थरात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. पायाखालचा आधार गेला की त्यांचा भार एकदम हलका होतो, आणि तिथून निघालेला संदेश जाणिवेची वाट न पाहता मान, पाय आणि हात यांच्या स्नायूंना ताठ करतो. पोटात जो गोळा येतो, तो याच क्षणी. माझी मूठ दोरावर आवळली ती माझ्या इच्छेने नव्हे. गंमत म्हणजे दुसरी मूठही तशीच आवळली, त्यामुळे दूध वाचले आणि कोपर सोलवटले.

मुरगळलेल्या घोट्याने दोनदा तक्रार केली. पहिली लख्ख कळ मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असलेल्या चेतातंतूंवरून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने येते. मागून येणारा ठणका वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंवरून सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो. घोट्यापासून मेंदूपर्यंतच्या लांब वाटेवर हे अंतर स्पष्ट जाणवते.

इतके सगळे घडायला फार वेळ लागला, असे मला अजूनही शपथेवर सांगता येईल. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना ३१ मीटरांवरून जाळीत पडू दिले होते. स्वतःच्या पडण्याचा काळ त्यांनी, दुसऱ्यांना पडताना पाहून सांगितलेल्या काळापेक्षा, सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त सांगितला. मात्र मनगटावरच्या पडद्यावर भराभर बदलणारे आकडे त्यांना पडताना एरवीपेक्षा अधिक नीट वाचता आले नाहीत. म्हणजे तो क्षण लांबत नाही. भीतीच्या वेळी आठवण दाट नोंदली जाते आणि नंतर ती लांबलचक वाटते.

खालच्या काकूंना मात्र स्वयंपाकघरात ‘धाडकन’ असा एकच आवाज ऐकू आला होता.