हौद कुठे आहे? पुण्यातल्या नजरेआडच्या जागांची पार्श्वभूमी

पुण्यात रिक्षावाल्याला 'फडके हौद', 'बदामी हौद' किंवा 'साततोटी' एवढेच सांगितले तरी तो बरोबर त्या चौकात आणून सोडतो. पण तिथे उतरल्यावर हौद कुठे आणि सात तोट्या कुठल्या, असे कोणाला विचारले, तर चटकन उत्तर मिळत नाही. रोजच्या वाटेवरच्या नावाचा असा माग काढत हिंडण्यात जो आनंद आहे, त्याचे मूळ पुण्यापुरते तरी पाण्यात आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास वाढत्या शहराला नदी आणि विहिरी पुरेनात, तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला आंबिल ओढ्यावर बांध घालून तलाव करण्यात आला आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने, कोणत्याही यंत्राविना, केवळ उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत खेळवले गेले. हा नळ साधा नव्हता. काही भागांत तो माणूस आत उभा राहू शकेल एवढा उंच आहे. वाटेत हवा बाहेर पडावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर चौथरे बांधून वर तोंडे ठेवलेली असत, त्यांना 'उच्छ्वास' म्हणतात. या नळावरच पेठापेठांतले हौद भरत आणि वाड्यांतली कारंजी उडत.

१८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण झाले, पुढे घरोघरी नळ आले आणि हौदांवरची वर्दळ ओसरली. काही बुजवले गेले, काही इमारतींच्या पोटात गेले, काहींवर झाकणे बसली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याचे धरणही गेले आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा जुन्या विहिरी आणि हौद पुणेकरांना पुन्हा आठवले. त्याच पुराने नदीकाठचे कित्येक वाडे नेले. उरलेल्यांपैकी पुष्कळ वाडे पुढे भाडेकरू आणि मालक यांच्या ओढाताणीत, दुरुस्तीअभावी खचत गेले.

अशा दुर्लक्षित गोष्टींकडे मुद्दाम पाहण्याची सवय या शहराला लावणारी माणसेही इथेच झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून घरांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरे गोळा करत आणि त्यांच्याच पुढाकाराने १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. दिनकर केळकर यांनी तर ज्या वस्तू लोक अडगळ समजून मोडीत काढत, त्या अडकित्ते, दिवे, दरवाजे आणि गंजिफा आयुष्यभर जमवल्या. शुक्रवार पेठेतले त्यांचे संग्रहालय म्हणजे घरगुती वस्तूंना मिळालेला मान आहे, असे मला मनापासून वाटते. आज सकाळी सकाळी पेठांतून निघणाऱ्या वारसा फेऱ्या याच वाटेने चालतात, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसले तरी.

गेल्या पावसाळ्यात शहराच्या दक्षिणेकडे अशाच एका उच्छ्वासापाशी मी थांबलो होतो. दगडावर शेवाळ चढले होते, वर कोणी तरी फरशी ठेवली होती आणि बाजूला दुचाक्या लावल्या होत्या. रहदारी क्षणभर थांबली तेव्हा फटीला कान लावला. खालून पाण्याचा बारीक, सलग आवाज येत होता.

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळाचीही तीच गत आहे. १७५४ साली भीमजीगिरी गोसावी यांनी त्याचे बांधकाम सुरू केले. नागझरीकाठच्या या काळ्या पाषाणाच्या देवळावर साखळदंडाने गेंडा बांधणारे गोरे शिपाई कोरले आहेत, संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, आत मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती आहे. तरी शेजारच्या रस्त्याने रोज जाणारे कित्येकजण त्याच्यासमोर थांबत नाहीत. देवळाखालच्या तळघरात पाणी साचलेले असते. गुरुपौर्णिमेला ते उपसून काढतात आणि मग लोक रांगेने पायऱ्या उतरून आतल्या समाधीचे दर्शन घेतात.