मनाली ते लेह: थंडीत विजेच्या मोटारीची रेंज जाते कुठे?

चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावर तांदी नावाचे छोटे गाव आहे. मनालीहून लेहला गेलेल्या प्रत्येकाला तेथील पेट्रोल पंप आणि त्याची पाटी आठवते, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची सूचना ती पाटी वर्षानुवर्षे देत आली आहे. पेट्रोलच्या गाडीची टाकी तेथे काठोकाठ भरली आणि जोडीला एखादा कॅन घेतला की प्रश्न मिटतो. विजेच्या मोटारीला कॅन घेता येत नाही, आणि तिच्या माहितीपत्रकात एका चार्जिंगमध्ये ४५० किलोमीटरची रेंज छापलेली असली, तरी ती या रस्त्यावर सप्टेंबरअखेरीस किती उरेल हे त्या आकड्यावरून कळत नाही. भारतातील प्रमाणित रेंज पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थांच्या प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून मोजली जाते. तेथे चढ नसतो, बर्फ नसतो आणि हिटरही चालू नसतो.

ही रेंज कशामुळे घटते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘चढामुळे’ असेच असते. घाट चढताना डॅशबोर्डवरचा आकडा झरझर उतरताना डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. हिशेब मांडला की मात्र चित्र बरेच वेगळे निघते.

आधी चढाचेच पाहू. गाडी, चार माणसे आणि सामान मिळून १,८०० किलो वजन धरले, तर ते १,००० मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ४.९ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट, म्हणून पुढे युनिट हाच शब्द वापरतो. तांदीजवळचे केलाँग साधारण ३,१०० मीटरवर आहे. तेथून रस्ता ४,८९० मीटरच्या बारालाचा खिंडीवर चढतो, सरचूला ४,३०० मीटरपर्यंत उतरतो, गाटा लूप्सची २१ वळणे घेऊन नकी ला आणि मग ५,००० मीटरहून उंच असलेल्या लाचुंग ला या खिंडी ओलांडतो, पांग येथे पुन्हा खाली येतो, मोरेच्या पठारावरून धावतो आणि ५,३०० मीटरच्या आसपासच्या तांगलांग ला खिंडीवर जाऊन शेवटी उपशीमार्गे ३,५०० मीटरवरच्या लेहला पोहोचतो. सगळे चढ एकत्र केले तर सुमारे ३,४०० मीटर होतात, आणि सगळे उतार सुमारे ३,००० मीटर. चढांसाठी १७ युनिट ऊर्जा चाकांशी हवी. मोटर आणि कंट्रोलरमधील घट धरली तर बॅटरीतून साधारण १९ युनिट जातात.

चढाला दिलेली ही ऊर्जा उसनी दिल्यासारखी असते. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने धावते, म्हणजे त्या अंतरापुरती बॅटरीतून वीज द्यावीच लागत नाही. आणि उतार तीव्र असेल तर मोटर उलट काम करून जनित्र बनते व बॅटरीत वीज भरते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा चालकांच्या बोलीत नुसते ‘रीजन’ म्हणतात. या रस्त्यावरच्या ३,००० मीटर उतारातून मिळणाऱ्या जवळपास १५ युनिटांपैकी सुमारे ७ युनिट गाडी ढकलण्यात कारणी लागतात, आणि उरलेल्या ८ पैकी रूपांतरातील घट वजा जाता ५ युनिट बॅटरीत परततात. १९ दिले आणि १२ वसूल झाले, म्हणजे सगळ्या खिंडींचा मिळून निव्वळ खर्च उरला ७ युनिटांचा.

स्वित्झर्लंडमधील बील शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत याच तत्त्वावर एक अजस्र विजेचा डंपर काम करतो. तो वर रिकामा चढतो आणि खाली ६० टनांहून अधिक दगड घेऊन उतरतो, त्यामुळे चढायला लागणारी बहुतेक सगळी वीज त्याला उतरतानाच मिळते. प्रवासी गाडीच्या नशिबी असा योग नाही, कारण तिचे वजन चढताना आणि उतरताना सारखेच असते.

आता हवेचा विरोध. थंड हवा जड असते आणि तिचा विरोधही जास्त असतो, हे खरे; समुद्रसपाटीवर २५ अंशांऐवजी उणे १० अंश तापमान असेल तर हवेची घनता सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. युरोपातल्या महामार्गांवर ताशी ११० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला हे जाणवते. परंतु ४,५०० मीटर उंचीवर हवाच इतकी विरळ होते की, थंडी जमेस धरूनही तिची घनता समुद्रसपाटीच्या मानाने ६० टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यातून लाहौल-लडाखच्या रस्त्यांवर सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. परिणामी केलाँग ते लेह या सुमारे ३६० किलोमीटरमध्ये हवेला कापण्यासाठी जेमतेम ४ युनिट लागतात. याच विरळ हवेत साधे पेट्रोल इंजिन प्राणवायूअभावी धापा टाकते आणि ५,००० मीटरवर त्याची सुमारे ४० टक्के ताकद जाते. मोटरला प्राणवायू लागत नसल्याने तांगलांग ला चढताना तिचा जोर मनालीत होता तेवढाच राहतो. हिमाचलच्या परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये मनाली ते रोहतांग विजेच्या बस सुरू केल्या, तेव्हा सुमारे १,९०० मीटरच्या त्या चढाने त्यांना अडवले नव्हते.

टायरचीही गंमत आहे. थंडीत टायरमधील दाब उतरतो आणि रस्त्याचे घर्षण वाढते, असा इशारा नेहमी दिला जातो, आणि सपाट प्रदेशात तो योग्यच आहे. पण टायरचा गेज मोजतो तो आतील व बाहेरील दाबांतला फरक. मनालीत २० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर सरचूच्या उणे ५ अंशांत नेला, तर थंडीने दाब उतरतो आणि बाहेरची हवा विरळ असल्याने फरक पुन्हा वाढतो. दोन्ही एकमेकांना जवळजवळ काटतात आणि गेज ३२ च्या आसपास दाखवतो. घर्षणाचा मोठा वाटा मात्र कायम राहतो. चाके नुसती फिरती ठेवण्यासाठी या अंतराला सुमारे २४ युनिट लागतात, आणि वितळत्या बर्फाचा चिखल किंवा उखडलेली खडी असेल तर त्याहून जास्त.

एवढ्यात हिशेब ३५ युनिटांवर येतो. दिवे, पंप आणि इतर यंत्रणांचे ३ धरले की ३८. ४५ युनिटांची बॅटरी असलेली गाडी जुलैच्या उबदार दिवशी हे अंतर काठावर का होईना पार करू शकेल.

थंडीत या बेरजेत हिटर येतो. पेट्रोल जाळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी ६० टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेच्या रूपाने वायाच जातो, त्यातली थोडी आत वळवली की केबिन फुकटात ऊबदार होते. विजेच्या मोटरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात असल्याने तिच्याकडे वाया घालवायला उष्णताच नसते. कार्यक्षमतेचा हा एकच तोटा म्हणावा लागेल. त्यामुळे केबिनसाठी बॅटरीतून वेगळी वीज काढावी लागते. गार पडलेली गाडी तापवताना हिटर ३ ते ५ किलोवॉट घेतो आणि नंतर दीड-दोन किलोवॉटवर स्थिरावतो.

येथे वेगाचा संबंध उलटा लागतो. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो, म्हणून रेंज हवी तर हळू चालवा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. हिटर मात्र किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. दोन किलोवॉटचा हिटर महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना दर १०० किलोमीटरला २ युनिट खातो, तर ताशी ३० किलोमीटरच्या डोंगरी रस्त्यावर तेवढ्याच अंतराला सुमारे पावणेसात. केलाँग ते लेह बारा तास लागले आणि हिटरने सरासरी दीड किलोवॉट घेतले, तर १८ युनिट निव्वळ उबेसाठी जातात. सगळ्या खिंडींचा मिळून निव्वळ खर्च ७ युनिट होता, हे येथे आठवावे. या १८ मधला एकही युनिट उतारावर परत मिळत नाही. एकूण बेरीज ५६ वर जाते आणि ४५ युनिटांची ती गाडी मोरेचे पठार ओलांडून तांगलांग लाच्या चढाला लागते न लागते तोच थांबते.

हा ढोबळ हिशेब आहे आणि प्रत्येक गाडीगणिक तो थोडा हलेल, पण त्याची दिशा प्रत्यक्ष चाचण्यांशी जुळते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच गाड्या उणे ७ अंशांच्या आसपास तपासल्या, तेव्हा हिटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली आणि हिटर चालू केल्यावर ४१ टक्क्यांनी. नॉर्वेत, जिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या, मोटारचालकांची एनएएफ ही संघटना दर हिवाळ्यात गाड्या बंद पडेपर्यंत पळवून पाहते. तिच्या २०२० च्या हिवाळी चाचणीत वीस गाड्यांची सरासरी घट १८.५ टक्के होती. हा आकडा सौम्य वाटतो, पण तेथील गाड्या लांब अंतर बऱ्यापैकी वेगाने कापतात आणि हिटरला खायला तास कमी मिळतात. लडाखच्या संथ रस्त्याला तो जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

हिटर बंद ठेवावा म्हटले तरी ते साधत नाही. चार माणसांच्या श्वासातील बाष्प गार काचेवर साचते आणि दहा मिनिटांत समोरचे वळण दिसेनासे होते. मग बाहेरची कोरडी हवा आत घेऊन ती तापवून काचेवर सोडावी लागते, आणि खर्चिक काम नेमके तेच असते. हीट पंप असलेल्या गाड्या बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतात आणि शून्य अंशाच्या आसपास एका युनिटात दोन-अडीच युनिटांची ऊब देतात. पारा आणखी उतरला की त्यांचा हा फायदा कमी होत जातो. आसने तापवणाऱ्या तारांना मात्र प्रत्येकी ५० ते १०० वॉटच लागतात, म्हणून ती सोय असेल तर केबिन १६ अंशांवर ठेवून आसन गरम करणे केव्हाही शहाणपणाचे.

बॅटरीचे स्वतःचे दुखणे वेगळे. तिच्यातील लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे द्रवातून प्रवास करतात, आणि थंडीत तो द्रव दाट होऊन रासायनिक क्रियाही मंदावते. अंतर्गत रोध वाढतो, काही ऊर्जा आतच उष्णता होऊन जाते आणि साठा असूनही सगळा काढता येत नाही. भारतातील अनेक गाड्यांत असलेल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांना थंडी अधिक बाधते; शिवाय त्यांचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहत असल्यामुळे नेमका किती साठा उरला हे ओळखणे बॅटरी सांभाळणाऱ्या नियंत्रकालाही कठीण जाते, आणि १२ टक्क्यांवरून आकडा एकदम ५ वर येऊ शकतो.

वीज बाहेर काढण्यापेक्षाही अवघड असते ती थंड बॅटरीत भरणे. शून्याखाली आयन ऋण ध्रुवातील ग्राफाइटच्या थरांत पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत आणि त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून जमू लागतात. याने बॅटरीचे आयुष्य घटते आणि पुढे आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. म्हणून नियंत्रक चार्जिंगचा वेग दाबून टाकतो, आणि रीजन हेही एक प्रकारचे चार्जिंगच असल्याने तेही बंद करतो. उसने दिलेले परत घेण्याची वेळ येते तेव्हा बॅटरीच ते नाकारते. पूर्ण भरलेली बॅटरीही असेच करते, कारण तिच्यात जागाच नसते. रीजन नसले की गाडीचा वेग आवरण्याचे सारे काम ब्रेक पॅडवर येते, आणि लांब उतारावर रेंजपेक्षा तीच काळजी मोठी ठरते.

यावरचे उपाय बहुतेक मुक्कामाच्या जागी आहेत. साडेतीनशे किलोची बॅटरी एक अंशाने तापवायला सुमारे ०.१ युनिट लागते, म्हणजे उणे ५ वरून २० अंशांवर आणायला अडीच युनिट. ते चार्जरला जोडलेले असताना खर्च झाले तर रेंजला धक्का लागत नाही. संध्याकाळी पोहोचल्याबरोबर, बॅटरी प्रवासाने कोमट असतानाच चार्जिंग सुरू करणे आणि पहाटे निघण्याच्या वेळी ते संपेल अशी वेळ लावणे, हे दोन्ही जमले तर उत्तम. सरचूच्या तंबूंत ते जमत नाही, कारण तेथे वीज येते ती जनरेटरवर आणि तीही संध्याकाळचे काही तास. उघड्यावर रात्रभर गोठलेली गाडी सकाळी तशीच गाटा लूप्सला लावावी लागते. मुक्काम जिस्पा किंवा केलाँगला ठेवावा हे बरे. उंचीच्या त्रासासाठी डॉक्टरही तोच सल्ला देतात.

डॅशबोर्डवरच्या उरलेल्या किलोमीटरवर तर या मार्गावर अजिबात विसंबू नये. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधतो. त्यामुळे बारालाचाच्या माथ्यावर तो विनाकारण घाबरवतो आणि उपशीला उतरल्यावर विनाकारण खूश करतो. बॅटरीची टक्केवारी, पुढच्या खिंडीची उंची आणि लागणारे तास, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या तर त्या जास्त खऱ्या निघतात.

परतीच्या वाटेवर हिशेब थोडा बदलतो. लेहहून निघताना बॅटरी शंभर टक्के भरलेली असावी, कारण उपशी सोडले की तांगलांग लापर्यंत सुमारे १,९०० मीटरचा सलग चढ आहे आणि रीजनसाठी जागा आपोआप होते. केलाँगहून मनालीला उतरताना मात्र ८० टक्क्यांवर चार्जर काढावा. अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडापासून मनालीपर्यंत रस्ता १,००० मीटर उतरतो, आणि भरलेल्या किंवा गारठलेल्या बॅटरीने तो उतार घेतला तर त्यातून मिळू शकणारे दोन-अडीच युनिट ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातात.