तैलचित्र की जेल फिरवलेली प्रिंट?

आजोबांच्या फोटोवरून चित्र करून घ्यायचं म्हटलं की दोन अगदी वेगळे भाव कानावर येतात, आणि दोन्ही वस्तूंना ‘ऑइल पोर्ट्रेट’च म्हटलेलं असतं. एकात चित्रकार कोऱ्या कॅनव्हासवर तैलरंगात चेहरा उभा करतो. दुसऱ्यात फोटो संगणकावर ‘पेंटिंगसारखा’ करून कॅनव्हासवर छापतात आणि वरून ब्रशने पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेल फिरवतात. सहा फुटांवरून फरक कळणं कठीण. तैलचित्राचा भास देणारी छपाई आपल्याकडे नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना अशा ओलिओग्राफसाठीच ओळखला जातो. छपाईत गैर काहीच नाही. छपाईला तैलचित्राचे पैसे मोजणं गैर.

ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा. तैलचित्रात रंग आणि ब्रशचा फटकारा एकच असतो: नाकाच्या कडेला छटा बदलते तिथे फटकाराही थांबतो किंवा वळतो. जेलचा ओरखडा मात्र कपाळावरून थेट केसांत शिरतो, खालच्या रंगाशी त्याचं देणंघेणं नसतं. मग डोळ्यातला चमकीचा ठिपका पाहा. चित्रकार तो बहुधा शेवटी, जाडसर पांढऱ्या रंगाने ठेवतो. प्रिंटमध्ये तिथे शाईच नसते, कोरा कॅनव्हास दिसतो. दहापट भिंगातून शाईचे बारीक ठिपके दिसले, तर प्रश्नच मिटला.

खरी फसगत तिसऱ्या प्रकारात होते: फिकट प्रिंट काढून त्यावर तैलरंग चढवतात. इथे केस आणि पार्श्वभूमीतल्या पातळ जागा, तसंच चौकटीवर दुमडलेल्या कडा भिंगातून तपासाव्यात. शिवाय शाई धरण्यासाठी कॅनव्हासवर दिलेला थर तैलरंगासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे वरचा रंग किती घट्ट बसेल याचा भरवसा नाही. प्रोजेक्टरने किंवा चौकोन आखून रेखाटन उतरवणं वेगळं. ती कामाची सोय आहे, लबाडी नव्हे.

म्हणून काम देतानाच टप्प्यांचे फोटो मागा: रेखाटन, तपकिरी रंगातलं अंडरपेंटिंग (खालचा छाया-प्रकाशाचा थर), पहिला रंगथर, शेवट. साम्याबद्दलच्या दुरुस्त्या रेखाटनातच सांगा. डोळ्यांमधलं अंतर पुढे बदलायचं तर अर्धा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो. आकार, हात दिसणार की नाही, किती दुरुस्त्या आणि पैशांचे हप्ते हे लिहून घ्यावं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तपशील गळतो. नवा काढायचा असेल तर खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात, सात-आठ फुटांवरून झूम करून काढा. जवळून काढला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. चित्रकार ही चूक सुधारू शकतो, प्रिंट ती जशीच्या तशी मोठी करते. जुना कृष्णधवल फोटो असेल तर कातडीचा रंग सांगायला त्याच वळणाच्या नातेवाइकाचा रंगीत फोटो जोडा.

वेळेतही फरक आहे. प्रिंट दोन-तीन दिवसांत हातात येते. तैलरंग पाणी उडून नव्हे, तर हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो. एका बैठकीत चेहरा रंगवणारे चित्रकार आहेत, प्रात्यक्षिकांत आपण ते पाहतोही. पण ते चित्र त्या दिवशी ओलंच असतं. थरांत केलेल्या १८ × २४ इंची चित्राला दीड-दोन महिने सहज लागतात, आणि शेवटचं वॉर्निश साधारण सहा महिन्यांनंतर. मधल्या काळात काही भाग मंद, काही चकचकीत दिसतात. खालच्या थराने तेल शोषलेलं असतं, दोष नव्हे. वॉर्निशने ते एकसारखं होतं. घाईने बबलरॅप थेट रंगावर गुंडाळला तर मात्र फुग्यांचे ठसे उमटतात.

भिंत ओल धरणारी असेल तर पावसाळ्यात दोन्हींच्या पाठीला बुरशी येते. फ्रेममागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. ताज्या फुलांचा हार रंगाला टेकू देऊ नका, समई-उदबत्तीही थेट खाली नको.

भावंडांत पाच घरं असतील तर प्रत्येकासाठी तैलचित्र कशाला? एक रंगवून घ्या, वॉर्निशआधी त्याचा चांगला फोटो काढून घ्या आणि बाकीच्यांना प्रिंट द्या. वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार काम देणाऱ्याकडे असतो. तरी काही चित्रकार करारात तो स्वतःकडे ठेवतात, तेव्हा प्रती काढायच्या असतील तर आगाऊ रक्कम देण्याआधीच तसं बोलून घ्या.