गैरहजर फॉर्म आणि नापास फॉर्म

"इज_व्हॅलिड() फॉल्स देतंय, पण एरर एकही दिसत नाही. जँगोत बग आहे का?"

नाही. जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, आणि इज_व्हॅलिड() ही त्यातल्या फॉर्मची, भरलेली माहिती चालते का ते सांगणारी मेथड. जँगोचं फॉर्मचं प्रकरण आजच्या रूपात १.० आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून आहे. ज्या कोपऱ्यात तुम्हाला बग दिसतोय तिथून तेव्हापासून असंख्य लोक गेलेत. गोंधळ दोन फॉर्मचा आहे. दोन्ही एकाच क्लासमधून जन्मतात, पडद्यावर बहुतेक वेळा सारखेच दिसतात आणि इज_व्हॅलिड() दोघांनाही फॉल्स म्हणू शकतं. एकाला बाउंड (डेटा जोडलेला) म्हणतात, दुसऱ्याला अनबाउंड (डेटा न जोडलेला). डॉक्युमेंटेशनमध्ये हे शब्द पहिल्या काही परिच्छेदांतच येतात आणि सगळे जण ते वाचून पुढे जातात, कारण त्या क्षणी ते अगदी सोपे वाटतात.

अनबाउंड फॉर्म तुम्हाला माहीत आहे. पान पहिल्यांदा उघडलं, रिकाम्या चौकटी दिसल्या, तो अनबाउंड. त्यावर जास्त बोलत नाही. खरी अडचण अशी की अनबाउंड फॉर्म आपण जिथे अपेक्षा करत नाही तिथेही उगवतो, आणि तेव्हा तो नापास झालेल्या बाउंड फॉर्मसारखा वागतोय असा भास होतो.

परीक्षेच्या निकालात दोन वेगळ्या नोंदी असतात: एकाला शून्य गुण, दुसरा गैरहजर. उत्तीर्णांच्या यादीत दोघांचंही नाव नसतं. पण शून्यवाल्याची उत्तरपत्रिका तपासलेली असते, तिच्यावर लाल शाईच्या खुणा असतात, चुकलं कुठे ते दाखवता येतं. गैरहजर विद्यार्थ्याची उत्तरपत्रिकाच नाही, तर लाल शाई उमटणार कशावर? इज_व्हॅलिड() फक्त "उत्तीर्ण आहे का" एवढंच सांगतं. आत ते दोन गोष्टी पाहतं: फॉर्म बाउंड आहे का, आणि एरर शून्य आहेत का. दोन्हीला हो असेल तरच ट्रू. अनबाउंड फॉर्म पहिल्याच प्रश्नावर बाद होतो, पुढची तपासणी होतच नाही, म्हणून एररची डिक्शनरी रिकामी राहते. फॉल्स आणि रिकामी डिक्शनरी या जोडीचा एकच अर्थ: फॉर्म परीक्षेला बसलाच नाही. ईमेलचा फॉरमॅट, मॅक्स_लेंग्थ, तुमची क्लीन मेथड, यातलं काहीही तेव्हा तपासत बसू नका. तिथवर गाडी पोचलेलीच नाही.

आता बाउंड ठरतं कशावरून? इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. फॉर्म बनवताना पहिला आर्ग्युमेंट डेटा, दुसरा फाइल्स. या दोघांपैकी एक तरी नन (पायथॉनचं 'काहीच नाही') नसेल तर फॉर्म बाउंड. एवढंच. चौकटीत काही दिसतंय का, वापरणाऱ्याने काही टाइप केलं का, रिक्वेस्ट पोस्ट (सबमिटची) होती की गेट (नुसती पान उघडण्याची), यापैकी कशाशीही याचा संबंध नाही. आणि नीट वाचा: नियम "रिकामा नसेल तर" असा नाही, "नन नसेल तर" असा आहे. रिकामी डिक्शनरी ही कोरी उत्तरपत्रिका आहे. विद्यार्थी हजर, गुण शून्य.

हा एक नियम धरला की एकमेकींच्या उलट दिसणाऱ्या दोन तक्रारी एकाच कारणाच्या निघतात. पहिली तक्रार: "पान उघडताक्षणीच सगळीकडे 'धिस फील्ड इज रिक्वायर्ड' लाल अक्षरांत येतं, मी अजून काही भरलंही नाही." कोड बघितला तर वर कुठेतरी फॉर्म = संपर्कफॉर्म(रिक्वेस्ट.पोस्ट) ही ओळ असते आणि मेथड तपासलेलीच नसते. पान गेटने उघडलं तरी रिक्वेस्ट.पोस्ट ही वस्तू असतेच, फक्त रिकामी. रिकामी म्हणजे नन नव्हे. म्हणजे प्रत्येक पाहुण्याच्या हातात तुम्ही दारातच कोरी उत्तरपत्रिका दिली आणि तपासूनही टाकली. दुसरी तक्रार: "सबमिट केलं की पान पुन्हा उघडतं, टाइप केलेलं सगळं गायब, एरर नाही." इथे पोस्टच्या शाखेतही संपर्कफॉर्म() असंच लिहिलेलं असतं, कंस रिकामे. डेटा ब्राउझरकडून आला, रिक्वेस्टमध्ये पडून राहिला, फॉर्मच्या हाती कुणी दिलाच नाही.

या दोन्ही चुका निदान डोळ्यांना दिसतात. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक याहून चलाख आहे, आणि ती जवळजवळ नेहमी एका गायब एल्समधून येते. व्ह्यूत (रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) इफ मेथड पोस्ट असेल तर फॉर्मला डेटा दिला, इज_व्हॅलिड() असेल तर सेव्ह आणि रीडायरेक्ट. इथवर सगळं ठीक. मग एल्स न लिहिता, इंडेंटेशन डावीकडे आणून, पुन्हा फॉर्म = संपर्कफॉर्म(), आणि शेवटी रेंडर. यात बाउंड फॉर्म व्यवस्थित तपासला जातो, नापासही होतो, त्याच्यावर लाल खुणाही उमटतात. मग पुढच्याच ओळीत त्याच नावाने कोरा फॉर्म येतो आणि टेम्प्लेटकडे (पानाच्या एचटीएमएल साच्याकडे) तो जातो. तपासलेली उत्तरपत्रिका फाडून विद्यार्थ्याच्या हातात कोरा कागद ठेवल्यासारखं. व्ह्यूमध्ये प्रिंट केलं तर एरर आहेत, टेम्प्लेटमध्ये नाहीत, आणि माणूस टेम्प्लेट उकरत बसतो. पायथॉनला तक्रार असण्याचं कारण नाही, व्हेरिएबलचं नाव कितीही वेळा वापरता येतं. फॉर्म नापास झाला की त्याच पानावर रीडायरेक्ट करणारे हीच चूक दुसऱ्या वाटेने करतात: रीडायरेक्ट म्हणजे नवी गेट रिक्वेस्ट, म्हणजे नवा कोरा फॉर्म. रीडायरेक्ट यशानंतर करायचा. अपयशानंतर तोच फॉर्म, त्याच रिक्वेस्टमध्ये, रेंडर करायचा. इथे मी तडजोड करत नाही.

चौकट भरलेली दिसते म्हणजे डेटा आहे, असं नाही

आता इनिशियल (चौकटीत आधीच दाखवायच्या व्हॅल्यू) आणि इन्स्टन्स (डेटाबेसमधली आधीची नोंद). हे दोघे खरे बहुरूपी.

प्रोफाइल बदलायचं पान घ्या. मॉडेलफॉर्मला (डेटाबेसच्या मॉडेलवरून बनलेल्या फॉर्मला) इन्स्टन्स दिला की डेटाबेसमधल्या व्हॅल्यू चौकटींत येतात. पान भरलेलं दिसतं आणि मनात पक्कं बसतं की फॉर्मकडे डेटा आहे. नाही. इन्स्टन्स आणि इनिशियल चौकटी भरून दाखवतात, पण त्यांच्यामुळे फॉर्म बाउंड होत नाही. पोस्टच्या शाखेत प्रोफाइलफॉर्म(इन्स्टन्स=युजर) एवढंच लिहिलं, तर माणूस नाव बदलून सबमिट करतो आणि पान जुन्या नावासकट परत येतं. एरर नाही, सेव्ह नाही. चौकटी रिकाम्या असत्या तर निदान शंका आली असती. बरोबर ओळ: प्रोफाइलफॉर्म(रिक्वेस्ट.पोस्ट, इन्स्टन्स=युजर). उलट बाजूची चूक म्हणजे इनिशियल= हे नाव न लिहिता डिक्शनरी सरळ पहिल्या जागी ठेवणं. पहिली जागा डेटाची. फॉर्म बाउंड झाला आणि पान उघडताच उरलेल्या चौकटींखाली लाल अक्षरं.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरू. "हे फील्ड मी टेम्प्लेटमध्ये ठेवलं नाही, पण इनिशियल दिलंय ना, मग किंमत तिथून घेईल." घेणार नाही. बाउंड फॉर्ममध्ये एखाद्या फील्डचा डेटा आला नाही तर जँगो इनिशियलकडे वळत नाही, रिक्वायर्डची एरर देतो. अपवाद फॉर्म क्लासमध्ये डिसेबल्ड=ट्रू केलेल्या फील्डचा आणि फाइल फील्डचा. एचटीएमएलमध्ये हाताने लिहिलेला डिसेबल्ड त्यात येत नाही. तो ब्राउझर पाठवतच नाही आणि जँगोला त्याचा पत्ताही नसतो. वर गंमत म्हणजे ते फील्ड टेम्प्लेटमध्येच नाही, तर त्याची एररही दिसत नाही. म्हणजे पुन्हा तोच देखावा, "फॉल्स, पण एरर नाही", फक्त यावेळी फॉर्म हजर आहे, नापास आहे आणि लाल शाई टेबलाखाली पडली आहे. हाताने एकेक चौकट मांडणारे नॉन_फील्ड_एरर्सही (कुठल्याही एका चौकटीच्या नसलेल्या एरर) हमखास विसरतात. शिकताना सरळ फॉर्म डॉट ॲज_डिव्ह वापरा, ते ४.१ पासून आहे. सजावट नंतर.

पासवर्डची चौकट रिकामी परत आली म्हणून फॉर्म अनबाउंड ठरवू नका. पासवर्डचं विजेट सुरक्षेसाठी किंमत परत छापत नाही, फाइलची चौकटही परत भरून येत नाही. बाकीच्या चौकटी बघा.

"ऑर नन"चा माझा राग

संपर्कफॉर्म(रिक्वेस्ट.पोस्ट ऑर नन) ही एका ओळीची युक्ती नवशिक्यांना कौतुकाने शिकवली जाते. पोस्ट रिकामी असेल तर नन जातं, म्हणजे अनबाउंड. भरलेली असेल तर बाउंड. चार ओळी लिहायच्या वाचतात. पण या युक्तीने नेमका तोच फरक पुसला जातो ज्याबद्दल आपण इतका वेळ बोलतोय: रिकामा डेटा आणि डेटाच नाही. जावास्क्रिप्टच्या फेचने जेसन पाठवा. जँगो जेसनचा मजकूर रिक्वेस्ट.पोस्टमध्ये भरत नाही, तेव्हा पोस्ट रिकामी. साधा रिक्वेस्ट.पोस्ट दिला असता तर प्रत्येक फील्डखाली रिक्वायर्डची एरर आली असती आणि तुम्ही पाच मिनिटांत "अरे, डेटा पोचतच नाहीये" म्हणाला असता. "ऑर नन"मुळे फॉर्म गैरहजर लागतो आणि तुम्ही अंधारात.

त्याहून वाईट म्हणजे याच ओळीत पुढे नुसतं रिक्वेस्ट.फाइल्स जोडणं. पोस्टला ऑर नन, फाइल्सला नाही. फाइल्स रिकामी असली तरी नन नसते, फॉर्म बाउंड होतो, आणि गेटवर पुन्हा लाल पान. इफ, एल्स, चार ओळी लिहा. बोटं दुखत नाहीत. तयार फॉर्मव्ह्यू क्लास ही काळजी स्वतः घेतो, पोस्ट किंवा पुट असेल तेव्हाच डेटा देतो. पण पहिले दोन-तीन फॉर्म हाताने लिहिलेले असावेत, नाहीतर तो क्लास आत काय करतो हे कधीच कळत नाही.

उरलेल्या ज्या गोष्टींची याच्याशी गल्लत होते त्या झटपट. टर्मिनलमध्ये ४०३ आणि पानावर सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड दिसलं, तर तुमचा व्ह्यू चाललाच नाही. टेम्प्लेटमध्ये सीएसआरएफ टोकन टाका आणि फॉर्मचा कोड सोडा. चौकटीपाशी छोटा फुगा येऊन सबमिटच होत नसेल तर तो ब्राउझर बोलतोय, जँगो नव्हे. इज_व्हॅलिड नंतरचे कंस राहिले तर अट कायम खरी ठरते आणि पुढे क्लीन्ड_डेटा नाही म्हणून ॲट्रिब्यूटएरर येते. व्ह्यूने एचटीटीपीरिस्पॉन्स दिला नाही, नन दिलं, अशी व्हॅल्यूएरर आली तर नापास फॉर्मच्या वाटेवर रिटर्न राहिलाय. हाताने लिहिलेल्या इनपुटला आयडी दिला आणि नेम नाही, तर ब्राउझर ती चौकट पाठवत नाही. फाइल निवडूनही रिक्वायर्ड येत असेल तर फॉर्म टॅगमध्ये मल्टिपार्टचा एन्कटाइप आहे का बघा. नल आणि ब्लँक: नल डेटाबेसच्या कॉलमसाठी, ब्लँक फॉर्मच्या तपासणीसाठी. यावर अख्खे लेख का लिहिले जातात मला कळत नाही.

आणि कोडाचा स्क्रीनशॉट पाठवायच्या आधी टर्मिनल बघा. रनसर्व्हर (जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर) प्रत्येक पोस्टची एक ओळ छापतो आणि शेवटी दोन आकडे असतात, त्यातला पहिला बघा. ३०२ असेल तर फॉर्म पास झाला आणि रीडायरेक्ट झाला. (नापास फॉर्मवरही रीडायरेक्ट करत असाल तर नाही, तेव्हाही ३०२ च दिसेल.) २०० असेल तर पान पुन्हा रेंडर झालं, म्हणजे फॉर्म नापास किंवा गैरहजर. "२०० आला म्हणजे सगळं ठीक" हा आणखी एक लोकप्रिय गैरसमज. इथे २०० हीच वाईट बातमी आहे.

नापास की गैरहजर हे ठरवायला व्ह्यूमध्ये, इज_व्हॅलिड()च्या इफच्या अगदी वर, एक प्रिंट टाका: फॉर्म डॉट इज_बाउंड आणि फॉर्म डॉट एरर्स डॉट ॲज_जेसन(). फॉल्स आणि रिकामं आलं तर फॉर्म बनवणाऱ्या ओळीकडे जा, पहिल्या जागी काय दिलंय ते बघा. ट्रू आणि भरलेलं आलं पण पानावर काही दिसत नाही, तर, नापास फॉर्मवर रीडायरेक्ट करत नसाल तर, दोनच जागा उरतात: एरर न छापणारी टेम्प्लेट, किंवा प्रिंट आणि रेंडर यांच्यामध्ये फॉर्म = ने सुरू होणारी दुसरी ओळ. आधी ती दुसरी ओळ शोधा.