आज शिकवायला आलात की गुण द्यायला?

नर्सिंगची ट्यूटर हातात पॅड घेऊन वॉर्डात कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली की विद्यार्थिनीच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. विचारायची हिंमत होत नाही, म्हणून ती अंदाज बांधते, आणि अंदाज बहुतेक वेळा एकच असतो: गुण द्यायला. तिथून पुढे तिचं लक्ष रुग्णाकडे कमी आणि ट्यूटरच्या पेनाकडे जास्त. पेन हललं की हात अडखळलाच. (विद्यार्थीही असतात, लिहिण्याच्या सोयीसाठी मी ‘विद्यार्थिनी’ म्हणते आहे.)

क्लिनिकल प्रशिक्षणातलं मूल्यमापन दोन प्रकारचं, हे परिचारिका शिक्षणात असलेल्या प्रत्येकानं वाचलेलं असतं. आकारिक आणि संकलित. व्याख्याही पाठ असतात: पहिलं शिकत असताना करायचं, दुसरं शिकून झाल्यावर. व्याख्या चुकीची नाही, पण वॉर्डात उतरल्यावर ती फारशी कामाला येत नाही. कारण खरा फरक वेळेचा नाहीच. वॉर्डातल्या कामाच्या पाळीत, म्हणजे पोस्टिंगच्या तिसऱ्या दिवशी घेतलेली चाचणी संकलित असू शकते आणि शेवटच्या आठवड्यातलं निरीक्षण आकारिक. जे पाहिलं त्याचं पुढे काय करणार, यावर प्रकार ठरतो. पाहिलेलं परत विद्यार्थिनीकडे जाणार असेल, उद्या तिनं वेगळं काही करावं म्हणून, तर ते आकारिक. ते तिच्यावरून पुढे जाऊन निकालपत्रात बसणार असेल, ती पुढच्या टप्प्याला जाऊ शकते की नाही हे तिसऱ्या कुणाला तरी कळावं म्हणून, तर ते संकलित.

हे दोन शब्द मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये वापरात आणले, ते अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. विद्यार्थ्यांच्या शिकण्याला ते नंतर लागू झाले, त्यात बेंजामिन ब्लूम यांचा मोठा वाटा. म्हणजे ‘निकालाचं काय करणार’ हा प्रश्न या शब्दांच्या जन्मापासूनच त्यांच्या सोबत आहे.

एक प्रसंग घेऊ. रुग्णाला नाकातून पोटात जाणारी नळी घातलेली आहे, फीड द्यायचं आहे. विद्यार्थिनी हात धुते, रुग्णाला काय करणार ते सांगते, डोक्याकडची बाजू वर करते. मग सिरिंजनं नळीत हवा ढकलते, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकते, मान डोलावते आणि फीड ओतायला हात पुढे करते. ही आवाजाची तपासणी भरवशाची नाही. नळी श्वासमार्गात किंवा अन्ननलिकेत असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. नळीतून द्रव ओढून त्याचा पीएच (आम्लतेचं माप) पाहायचा, तो 5.5 किंवा त्याहून कमी हवा. द्रव मिळत नसेल किंवा शंका असेल तर एक्स-रे.

आकारिक दिवशी ट्यूटर म्हणते, “थांब गं. आवाज आला म्हणजे नळी पोटातच आहे, हे तू कशावरून ठरवलंस?” विद्यार्थिनी जरा गोंधळते, मग खरं सांगते: “मॅडम, पीएचचं वाचलंय मी. पण इथे सगळे असंच करतात.” हे उत्तर सोन्याचं आहे. चूक ज्ञानात नव्हती, वॉर्डात रोज दिसणाऱ्या सवयीत होती, हे ट्यूटरला आता कळलं. आता तिला पुन्हा पुस्तक वाचायला लावण्यात अर्थ नाही. चार जणी वेगळं करत असताना आपण बरोबर कसं करायचं, हे तिच्याशी बोलायला हवं. आणि ट्यूटरलाही वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरशी दोन शब्द बोलायला हवेत.

तीच कृती संकलित दिवशी घडली तर? फीड ओतायच्या आत ट्यूटर तिला थांबवणारच. रुग्णाला धोका असेल तिथे मूल्यमापन कोणतं चाललंय याला किंमत नाही. पण आज ती ‘कशावरून ठरवलंस’ असं विचारत नाही, कारण असा प्रश्नच उत्तराकडे बोट दाखवतो. बाकीच्या सगळ्या पायऱ्या अचूक असल्या तरी ही एक पायरी अशी आहे की ती चुकली तर प्रक्रिया उत्तीर्ण धरता येत नाही. ‘सगळे असंच करतात’ हे कारण खरं असलं तरी आजच्या निर्णयात त्याला जागा नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण या निकालाच्या पलीकडे जो रुग्ण आहे, त्याला तिची कारणं माहीत नसणार.

म्हणजे नजर तीच, वॉर्ड तोच, नळी तीच. बदलतं ते ट्यूटरनं तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. कितीतरी ट्यूटर परीक्षेच्या दिवशी भुवया उंचावून, खाकरून, “नक्की ना?” म्हणून विद्यार्थिनीला सावरून घेतात, आणि शिकवायच्या दिवशी गप्प उभ्या राहून पॅडवर भराभर खुणा करतात. दोन्ही दिवशी भूमिका नेमकी उलटी.

दुसरा घोटाळा साधनांचा. चेकलिस्ट म्हणजे संकलित आणि कॉटशेजारी मारलेल्या गप्पा म्हणजे आकारिक, असा एक पक्का समज असतो. साधनाला स्वतःचा प्रकार नसतो. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये 1975 मध्ये मांडलेली ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन), म्हणजे ठरावीक वेळेची स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर एक काम आणि आधी ठरलेली गुणपत्रिका, ही बहुतेकांना अंतिम परीक्षेची पद्धत म्हणूनच माहीत असते. पण तीच स्टेशनं महिनाभर आधी लावून, प्रत्येकीला तिची गुणपत्रिका हातात देऊन, ‘कुठे अडलीस ते बघ’ म्हटलं की ती आकारिक झाली. उलट, गप्पा मारता मारता ट्यूटरनं मनात ‘ही काही जमणार नाही’ असं ठरवलं आणि ते मत शेवटी गुणांत उतरलं, तर त्या गप्पा संकलित होत्या. फक्त विद्यार्थिनीला ते माहीत नव्हतं. माझ्या मते हा सगळ्यात अन्यायाचा प्रकार.

जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये क्लिनिकल कौशल्याच्या मूल्यमापनासाठी चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवते, प्रत्यक्ष करते. ओएससीई तिसऱ्या पायरीपर्यंत पोचते. चौथी पायरी वॉर्डातच दिसते, तीही रोजच्या कामात, सहा कॉट आणि एक वाजणारा पंप असताना. म्हणून वॉर्डातलं निरीक्षण टाळून नुसत्या स्टेशनांवर निकाल लावणं अपुरं. हा विषय मोठा आहे, इथे एवढंच.

आता गुणांची सरासरी. रोजच्या निरीक्षणाला 10 पैकी गुण द्यायचे आणि शेवटी सरासरी काढायची, ही सोपी आणि म्हणून लोकप्रिय रीत. एका विद्यार्थिनीचे पाच आठवड्यांचे गुण बघा: 4, 5, 6, 8, 9. दुसरीचे: 7, 7, 6, 6, 6. दोघींची सरासरी 6.4. कागदावर दोघी सारख्या. पहिली शिकत शिकत वर गेली आहे आणि दुसरी हळूहळू ढिली पडते आहे, हे त्या एका आकड्यात बुडून जातं. पहिलीला पहिल्या आठवड्यात ड्रेसिंग जमलं नाही याची शिक्षा पाचव्या आठवड्यात मिळते, म्हणजे शिकायला आल्याचीच शिक्षा. विद्यार्थिनींना हे गणित लगेच उमजतं. मग त्या काय करतात? जे येत नाही ते ट्यूटरसमोर करायचंच नाही. कॅथेटर घालायची वेळ आली की स्टोअरमधून काहीतरी आणायला जायचं. त्यांना दोष कसा देणार?

म्हणून शिकवायच्या दिवसांना आकडाच नको, असं मला वाटतं. रूथ बटलर यांचा 1988 चा शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे: नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, अभिप्रायासोबत गुणही दिलेल्यांना तसा फायदा झाला नाही. ती मुलं नर्सिंगची नव्हती, हे खरं. पण तपासलेला पेपर हातात आल्यावर आपली नजर आधी कुठे जाते, ते आठवून बघा.

आकड्याऐवजी लिहायचं ते काय? ‘आत्मविश्वास कमी’, ‘मेहनती आहे’, ‘सुधारणेला वाव’ असे शेरे केस बुकात पानोपानी असतात आणि त्यातून उद्या काय करायचं ते कुणालाच कळत नाही. ‘औषध देण्याआधी कॉटचा नंबर पाहिलास, रुग्णाला नाव विचारलं नाहीस, मनगटावरची पट्टी वाचली नाहीस’ हा अभिप्राय. तो त्याच दिवशी लिहिलेला हवा. आठवड्यानं लिहायला बसलं की एक तर शेवटचा प्रसंग तेवढा आठवतो, नाही तर एकूण छाप. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले, तेव्हा एका वैशिष्ट्याबद्दलचं मत बाकी सगळ्या वैशिष्ट्यांवर सांडलेलं त्यांना दिसलं होतं. वॉर्डात नीटनेटका युनिफॉर्म आणि नम्र बोलणं यांची छाप अशीच ॲसेप्टिक टेक्निकच्या, म्हणजे जंतुसंसर्ग टाळून काम करण्याच्या रकान्यात जाऊन बसते.

आकारिक आणि संकलित या दोघांचं नातं सगळ्यात उघड होतं ते नापास करायची वेळ येते तेव्हा. कॅथलीन डफी यांनी 2003 मध्ये स्कॉटलंडमध्ये केलेल्या अभ्यासात हेच पुढे आलं: शंका असूनही विद्यार्थ्यांना पुढे जाऊ दिलं जातं, आणि त्यामागे एक मोठं कारण म्हणजे अडचण वेळेवर बोलून दाखवलेलीच नसते. शेवटच्या आठवड्यात ट्यूटरच्या लक्षात येतं की हिला पास करणं धोक्याचं आहे, पण आधीच्या पानांवर सगळीकडे ‘समाधानकारक’. मग आता कोणत्या तोंडानं नापास करणार? आणि केलंच, तर “मॅडम, मला कधी सांगितलंच नाही” ही तिची तक्रार खोटी नसते. संकलित निर्णय कठोर घ्यायचा, तर त्याच्या मागे तारीखवार आकारिक नोंदी हव्यात: मध्यावर झालेली भेट, लेखी दिलेली सूचना, पुन्हा दिलेली संधी. मात्र तिथे नोंद पुरावा म्हणून वापरायची ती ‘तिला सांगितलं होतं’ एवढ्यापुरती. त्या चुकांचे गुण पुन्हा कापायचे नाहीत.

सोय असेल तर शिकवणारी आणि निकाल देणारी वेगवेगळ्या असाव्यात. बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ नसतं, एकच ट्यूटर दोन्ही करते. मग निदान दिवस वेगळे आणि कागद वेगळे. सकाळी चार्ज घेतानाच सांगून टाकायचं: “आज मी मध्ये मध्ये बोलणार, विचारणार, आज गुण नाहीत.” किंवा, “आज परीक्षा आहे, मी गप्प असेन, माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस.”

यावर एक आक्षेप हमखास येतो: असं सांगितल्यावर खरं काम दिसणारच नाही, सावध काम दिसेल. परीक्षेच्या दिवशी ते व्हायचंच, आणि सावध असतानाही जी नळी तपासत नाही तिच्याबद्दल निर्णय घेणं सोपं असतं. शिकवायच्या दिवशी मात्र उलटं घडतं. गुण नाहीत याची खात्री पटायला दोन-तीन दिवस जातात, पहिल्या दिवशी कुणी विश्वास ठेवत नाही. मग कधीतरी एखादी स्वतःहून येते आणि हळूच म्हणते, “मॅडम, ते पीएचचे कागद कुठे ठेवतात? मी अजून एकदाही वापरले नाहीत.”